तिच्यानंतरचा घोट

ज्या बैठकीत ते ठरलं ती आमच्या घरी झाली, आणि ठरवणाऱ्यांसाठी कॉफी मीच केली. अण्णा नगरातल्या आमच्या भाड्याच्या घराचा हॉल लहान होता. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीतली माणसं सोफ्यावर आणि खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली होती. एकजण मुलींच्या अभ्यासाच्या स्टुलावर टेकला होता. आधी प्रार्थना झाली. डोळे मिटून, माना खाली घालून त्यांनी देवाकडे सुबुद्धी मागितली. आमेन म्हटलं, कॉफी घेतली, आणि एका विधवा बाईने प्रभुभोजनाला सगळ्यांच्या शेवटी यावं असं ठरवून टाकलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी आठवलं की माझे कान तापतात.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. माझ्या नवऱ्याला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मद्रासला आलो. शहराला तेव्हा चेन्नई म्हणत नसत, निदान आमच्यासारखे बाहेरून आलेले तरी म्हणत नसत. एग्मोरच्या बाजूला एका जुन्या चर्चमध्ये आम्ही जाऊ लागलो. सुरुवातीला काही कळायचं नाही. हळूहळू मी तमिळ शिकले, मुली तर मराठी विसरून तमिळमध्येच भांडायला लागल्या. माझा नवरा शांत, हिशेबी, कोणाला दुखवायचं नाही अशा स्वभावाचा. अशा माणसाला सगळ्या कमिट्या हेरून ठेवतात. तो लवकरच मंडळीचा सेक्रेटरी झाला.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मास्तरकी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती सोडली नव्हती. भाजीवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळे त्यांना वर्गात उशिरा आलेले विद्यार्थी वाटायचे. सांबार त्यांना आवडायचं नाही, उकाडा सोसायचा नाही, आणि तमिळ शिकायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्यामुळे चर्चमध्ये त्यांचं बोलणं लोकांना आणि लोकांचं त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या जे बोलत ते सौम्य करून सांगायची मला सुरुवातीला सवय होती. पुढे मी ती सोडली.

आता जिच्यामुळे हे सगळं झालं तिच्याविषयी सांगते. ती आमच्याच मंडळीतली, चर्चमागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. ब्लाउज शिवायची. चर्चमधल्या निम्म्याहून अधिक बायकांची मापं तिला पाठ होती. नवरा लॉरीवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. मूलबाळ नव्हतं. माझ्यापेक्षा लहान होती, मला अक्का म्हणायची आणि आत्याबाईंना पाटी, म्हणजे आजी. आत्याबाईंचं तिच्याशी मुळीच पटत नसे. तिने त्यांच्या एका ब्लाउजच्या बाह्या घट्ट केल्या होत्या. ते उसवून देताना ती हसत काहीतरी म्हणाली होती. मी सांगितलं, "ती म्हणते, पाटीचे दंड मास्तरणीचे आहेत." आत्याबाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं.

नव्वद सालाच्या थोडं पुढे तिचा नवरा आजारी पडला आणि खंगत खंगत गेला. मातीला सगळी मंडळी आली. जेवणाचे डबे गेले, भजनं झाली, पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे महिन्याभरात, इस्पितळात काम करणाऱ्या कोणाच्या तरी नातेवाईकाच्या तोंडून, त्या आजाराचं नाव बाहेर आलं. एड्स. तिच्याही रक्तात तो निघाला होता. तेव्हा हा शब्द पेपरात नुकताच दिसायला लागला होता आणि लोक तो तोंडाने उच्चारायलाही भीत होते.

डबे थांबले. शिवायला दिलेली कापडं बायकांनी निरोप पाठवून परत मागवली. बाकावर ती बसली की शेजारच्या बाईला अचानक पंख्याखालची जागा हवी व्हायची. कोणी तिला वाईट बोललं नाही, हे मात्र खरं. आमच्या मंडळीत वाईट बोलायची पद्धतच नव्हती. सगळे तिच्यासाठी प्रार्थना करत होते, पण तिच्यापासून लांब बसून.

आमच्या घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घरातली मराठी जुन्या वळणाची, निम्मी तमिळ मिसळलेली. आत्याबाईंना ती ऐकताना हसू यायचं. पण त्या देवपूजा करणाऱ्या हिंदू बाईने तिच्याकडे ब्लाउज टाकणं थांबवलं नाही. मी एकदा विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. तिचा हात चांगला आहे, मग दुसरीकडे कशाला जायचं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला आमच्या लोकांचा आणखीच राग आला.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी मंडळीसाठी एक विषय दिला होता: देवाचा स्वभाव आपल्या जीवनात. कापडी फलकावर तमिळ आणि इंग्रजीत तो रंगवून घेतला होता. फलक करून आणण्याचं काम अर्थातच माझ्या नवऱ्याने केलं होतं. देव दयाळू आहे, क्षमाशील आहे, पक्षपात करत नाही, तर आपणही तसं असावं, यावर दर रविवारी प्रवचन चालू होतं. बायकांच्या बुधवारच्या सभेत त्यावर चर्चा व्हायची.

त्यातल्या एका बुधवारचा प्रश्न होता, आपण देवासारखं का वागावं? एकेकीने उत्तर द्यायचं. एक म्हणाली, शेवटच्या दिवशी जाब द्यायचा आहे म्हणून. दुसरी म्हणाली, आपलं वागणं बघून शेजारपाजारच्या हिंदूंना साक्ष मिळते म्हणून. तिसरीने सांगितलं की आपण चांगलं वागलं तर मुलांना आशीर्वाद मिळतो, आणि तिच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो असाच. पाळकसाहेबांच्या पत्नी सगळ्यांकडे बघून मान डोलवत होत्या.

"काय म्हणतात गं?" आत्याबाईंनी मला विचारलं. मी तीनही उत्तरं सांगितली.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "विचार त्यांना, ती शिवणवाली कुठे आहे? मागच्या बुधवारीही नव्हती."

मी तमिळमध्ये विचारलं, काही न गाळता. मग पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, तिला विश्रांतीची गरज आहे, म्हणून आम्हीच तिला सांगितलं की बुधवारची दगदग करू नकोस.

मी ते आत्याबाईंना सांगितलं. "विश्रांती तिने मागितली होती का, विचार," त्या म्हणाल्या.

तेही मी विचारलं. पाळकसाहेबांच्या पत्नींनी घड्याळ पाहिलं आणि समारोपाच्या प्रार्थनेला सुरुवात केली. प्रार्थनेत त्यांनी आजाऱ्यांना आठवलं.

पण मला भीती वाटत नव्हती असं नाही. माझ्या दोन लहान मुली होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, आणि त्या रसासाठी चांदीचा एकच प्याला असायचा. वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी लोक ओळीने गुडघे टेकायचे, पाळकसाहेब एकेकाच्या ओठांशी तो प्याला धरायचे, रुमालाने कड पुसायचे आणि पुढे जायचे. नवऱ्याच्या कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांना मी जाऊन विचारलं. त्यांनी हसून नाही, नीट समजावून सांगितलं की हा रोग एका प्याल्यातून पिण्याने होत नाही, शेजारी बसण्याने तर नाहीच. मी तसं नवऱ्याला सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही कमिटीला सांगा. त्याने सांगितलंही. कमिटी म्हणाली, डॉक्टर म्हणतात ते ठीक, पण लोकांच्या मनाचा विचार करायला हवा.

आणि मग ती बैठक आमच्या घरी झाली.

मी रिकामे पेले उचलायला हॉलमध्ये गेले तेव्हा पाळकसाहेब माझ्याकडे वळले. चांगले उंच, देखणे गृहस्थ. आवाज असा की घोषणाही स्तोत्रासारखी वाटावी. ते म्हणाले, "सिस्टर, हे तिला एखाद्या बाईने प्रेमाने सांगितलं तर बरं. तुमचं आणि तिचं चांगलं आहे. तिने स्वतःहून शेवटी यावं. कोणी सांगितलंय असं वाटायला नको."

मी ट्रे खाली ठेवला. "तिला स्वतःहून यावंसं वाटेल असं मी तिला सांगायचं?"

"सगळ्यांच्या भल्यासाठी."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "ज्यांनी ठरवलंय त्यांनी सांगावं. आणि प्रेमाने म्हणू नका कृपा करून."

कोणीतरी खाकरलं. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. मी ट्रे उचलून आत गेले आणि एकेक पेला घासून लख्ख केला.

सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "एवढं बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"तुम्ही काय बोललात?"

"मी एकटा काय बोलणार? लोक येईनासे होतील. कितीतरी जणांनी मला येऊन सांगितलंय की हे असंच चाललं तर आम्ही दुसऱ्या चर्चला जातो."

"जाऊ दे ना मग."

"चर्च चालवायचं असतं गं," तो म्हणाला.

या एका वाक्याचा राग मला त्याच्या नुसत्या भित्रेपणापेक्षा जास्त आला. भित्रा माणूस मला कळतो. पण भीतीला जबाबदारीचं नाव देऊन तो शांतपणे जेवायला बसला, आणि मी त्याला वाढलं.

आत्याबाई आतल्या खोलीत होत्या. हॉलमधलं सगळं इंग्रजीत आणि तमिळमध्ये चाललेलं, तरी त्यांना काही अंदाज आला असावा. सकाळी पालक निवडताना त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. मी रागारागाने सांगत होते. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच.

मग त्या म्हणाल्या, "आमच्या आईची गोष्ट तुला माहितेय का?"

"नाही."

"आई तेव्हा लहान होती. अजून बाटले नव्हते आमचे लोक. गावच्या विहिरीवर जायचं नाही. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, खाली ओंजळ धरायची. मिळालं तर मिळालं. एकदा उन्हाळ्यात एक गोरी डॉक्टरीण बाई आमच्या वस्तीत आली. आमच्या दारात बसली आणि पाणी मागितलं. आजी देईना. घाबरली ती. या बाईला आपलं पाणी दिलं आणि गावाला कळलं तर काय करतील याची भीती. तर त्या बाईने स्वतःच उठून गाडगं घेतलं आणि तोंड लावून प्यायली. अर्धं प्यायली आणि उरलेलं आईच्या हातात दिलं. पी म्हणाली. आईला वाटलं ही चेष्टा करतेय. आमचं उष्टं कोणी घेत नव्हतं, आणि आम्हांला स्वतःचं उष्टं कोणी हातात देतही नव्हतं, टाकायचे लांबून. ती बाई आईने पिऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिली."

त्यांनी निवडलेली पानं एका बाजूला सारली.

"आई सांगायची, शास्त्र आम्ही मागाहून शिकलो. आधी ते गाडगं. आता मला सांग, त्या बाईला काय पडलं होतं? आम्ही कोण होतो तिचे? तिला कोणीतरी असंच आधी केलं असणार. देवाने. तो माणसात येऊन राहिला, माणसाचं उष्टं खाल्लं त्याने. आपली लायकी विचारली नाही. एवढं आपल्याला मिळालेलं असताना, त्या बुधवारच्या बायका म्हणतात मुलाला कॉलेजात जागा मिळते म्हणून चांगलं वागायचं. कसली जागा? मिळालेलंच फिटत नाही, आणखी काय मागता?"

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी काय करणार. मी तिच्यानंतर घेईन."

"तुम्हांला तर ती आवडत नाही."

"नाहीच आवडत. बाह्या बिघडवल्या माझ्या." त्या उठल्या, गुडघे धरून. "आवडण्याचा काय संबंध?"

त्या पहिल्या रविवारी चर्च भरलं होतं. नवीन पद्धतीविषयी सगळ्यांना माहीत असावं, कारण ओळी पुढे सरकत होत्या तसतशा माना मागे वळून बघत होत्या. ती शेवटच्या बाकावर बसली होती, पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर. तिला कोणी जाऊन सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पण सांगितलं होतं, कारण आपल्या ओळीबरोबर ती उठली नाही.

आमच्या बाकाची पाळी आली. नवरा उठून गेला. आत्याबाई बसून राहिल्या. त्यांचे गुडघे धरलेले, हाताला धरून नेल्याशिवाय त्यांना कठड्याशी वाकता येत नसे, आणि ते काम माझं होतं. म्हणजे त्या बसल्या तर मला बसावंच लागलं. माझा नवरा परत येताना आमच्याकडे बघत आला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सगळे होऊन गेले. मग ती उठली. मधल्या वाटेने एकटी चालत पुढे गेली. एवढं भरलेलं चर्च, पण तिच्या चपला बाहेर काढलेल्या असूनही तिच्या पावलांचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं. ती कठड्याशी टेकली. आत्याबाई म्हणाल्या, "धर मला," आणि आम्ही दोघी निघालो.

आम्ही तिच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले. आत्याबाई तिच्या लगत, मी त्यांच्या पलीकडे. पाळकसाहेबांनी भाकर दिली. मग प्याला घेऊन ते आले. तिला दिला. तिने अगदी थोडं घेतलं, ओठ लावले न लावले असे. त्यांनी कड पुसली, पुन्हा पुसली, प्याला फिरवून धरला, आणि आत्याबाईंसमोर येऊन थांबले. हात पुढे येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर, बाकांकडे, सेक्रेटरीकडे.

"द्या," आत्याबाई म्हणाल्या. मराठीत, वर्गात बोलत तशा आवाजात. याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

त्यांनी दोन्ही हातांनी प्याला स्वतःकडे ओढला आणि घोट घेतला. मग तो माझ्यापुढे आला. तेव्हा माझ्या मनात प्रेम नव्हतं, हे मी खरं सांगते. आभारही नव्हते. डॉक्टर चुकला असेल तर माझ्या मुलींचं काय, हे होतं, आणि त्याच्या वर, सगळं झाकून टाकणारा, राग होता. त्या बैठकीचा, त्या फलकाचा, त्या डोलणाऱ्या मानेचा. रागाच्या भरात मी मोठा घोट घेतला.

आमच्याकडे रीत अशी की प्याल्यात उरलेलं टाकायचं नाही. पाळकाने ते वेदीसमोर उभं राहून स्वतः प्यायचं. दर महिन्याला आम्ही ते बघत असू, लक्ष न देता. त्या दिवशी आत्याबाई परत येऊन बाकावर बसल्या आणि त्यांनी नजर हलवली नाही. पाळकसाहेबांनी प्याल्यावर कापड झाकलं आणि तो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. शेवटचं गीत सुरू झालं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "उरलेलं त्यांनी घेतलं का?"

तो बुटांच्या नाड्या सोडत होता. तसाच वाकून म्हणाला, "मला बागेत ओतून यायला सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"ओतलं."

मी त्याच्याशी पुढे कित्येक दिवस कामापुरतं बोलले.

मला वाटलं होतं, आम्ही काहीतरी चांगलं केलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघी बसने एग्मोरला उतरून तिच्या खोलीवर गेलो. मशीनवर कापड नव्हतं. तिने चटई टाकली, पाणी दिलं, आणि मग उभ्यानेच माझ्यावर भडकली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हांला, अक्का?" ती म्हणाली. "मी शेवटी गेले असते, गपचूप घेऊन परत आले असते. महिन्यातून एकदा मी तिथे जाऊन बसते. त्या दिवशी सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. पाटी आणि तुम्ही मोठ्या ठरलात. मी काय ठरले? जिच्यानंतर पाणी प्यायला धाडस लागतं ती बाई."

आत्याबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणते?"

मी सगळं सांगितलं. आत्याबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "खरं आहे तिचं. सांग तिला, खरं आहे म्हणून."

मी सांगितलं. ती खाली बसली आणि रडली, चिडूनच रडली, पदराने डोळे खसाखसा पुसत. मला तिचाही राग आला होता, हे लपवत नाही. आम्ही एवढं करावं आणि हिने असं बोलावं. परत येताना बसमध्ये मी ते आत्याबाईंना बोलूनही दाखवलं.

"तिने आभार मानले असते तर बरं वाटलं असतं तुला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मलाही वाटलं असतं. पण आपण आभारासाठी गेलो होतो का?"

"मग आता?"

"आता परत जायचं. पण चर्चमध्ये नाही, घरी. तिथे कोणी बघत नाही."

आणि त्या जाऊ लागल्या. दर आठवड्याला, मला वेळ असो नसो, रिक्षा करून एकट्यासुद्धा. तमिळ येत नव्हतं तरी. काज करणं, बटणं लावणं, उसवणं एवढं त्या करायच्या. घरमालकीणबाई आणि त्यांच्या ओळखीच्या दोन-तीन घरांची कापडं तिच्याकडे येत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि बहुतेक वेळा भांडायच्या. एकदा मी न्यायला गेले तर ती आत्याबाईंच्या काजांवर ओरडत होती आणि आत्याबाई मराठीत तिला तिच्या बाह्यांची आठवण करून देत होत्या. पाण्याचा तांब्या एकच, मध्ये ठेवलेला.

चर्चमध्ये पुढच्या महिन्यापासून छोटे ग्लास आले. ट्रेमध्ये मांडलेले, ज्याचा त्याचा वेगळा. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की आरोग्याच्या दृष्टीने ही आधुनिक पद्धत आपण स्वीकारत आहोत. लोकांना ते फार आवडलं. आता कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही, सगळे समान, असंही एक बाई मला म्हणाली. मी त्या बाईशी नंतर कधी नीट बोलू शकले नाही. ती शिवणारी मात्र परत चर्चला आली नाही. येववतच नव्हतं तिला पुढे.

वर्षभरात ती गेली. गावाहून तिची म्हातारी आई आली होती, ती उशाशी बसलेली. मंडळीतली काही माणसं आली, पण गल्लीत उभी राहिली. शवपेटी खोलीत, आणि उचलायला कोणी आत जाईना. एकजण म्हणाला, हातमोजे मागवूया. पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तो आत गेला. तिला त्याने आणि तिच्या आईने उचलून पेटीत ठेवलं. मग तो दारात आला आणि बाहेरच्या माणसांना म्हणाला, "मला तीन जण हवेत." कोणाचंही नाव न घेता, आवाज न चढवता. तीन जण आले. मी त्याला त्याआधी आणि त्यानंतर कधी असं बोलताना ऐकलं नाही.

कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले की या भगिनीला मंडळीने अखेरपर्यंत प्रेमाने सांभाळलं. आत्याबाईंनी मला त्याचा अर्थ विचारला नाही. मीही सांगितला नाही. त्यांनी माती टाकली आणि तिच्या आईला धरून रिक्षापर्यंत नेलं.

त्यानंतर काही वर्षांनी आत्याबाई नगरकडे परत गेल्या आणि तिकडेच वारल्या. पाळकसाहेबांची बदली झाली. निरोप समारंभाला ते दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते आणि रीतीप्रमाणे म्हणत होते, माझ्याकडून कोणी दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा. माझी पाळी आली. मी म्हणाले, "तुम्ही मला नाही दुखावलं." त्यांना कळलं. त्यांचा हात सैल झाला, डोळे खाली गेले, आणि मागचे लोक पुढे सरकले म्हणून मी बाहेर पडले. माझा नवरा मागून आला. "बोललीस?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. तो माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत राहिला.

मी त्या पाळकसाहेबांना अजून क्षमा केलेली नाही. करावी लागेल हे मला ठाऊक आहे. का करावी लागेल तेही ठाऊक आहे; पालक निवडता निवडता आत्याबाईंनी ते सांगून ठेवलंय, आणि त्यातून पाळकसाहेबांना वगळता येत नाही. आपल्याला जे आधी मिळालं ते लायकी बघून मिळालं नाही, तर मग ते लायकी बघून पुढे देता येत नाही. शिवणाऱ्या बाईच्या बाबतीत हे मला सोपं वाटलं होतं. या माणसाच्या बाबतीत ते आठवलं की माझा संताप होतो, आणि हा संताप कोणावर करावा तेही मला कळत नाही.